डुल्याची जागा

एका नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावाला पूल नव्हता. पलीकडे जायचं तर होडी, अलीकडे यायचं तरी होडी. आणि ती होडी चालवायची एक बाई.

पूर्वी तिचा नवरा चालवायचा. एका श्रावणात तो पलीकडे माणसं सोडून रिकामी होडी घेऊन परत येत होता, तेवढ्यात वरून लोंढा आला. दोन दिवसांनी खालच्या वळणावर होडी सापडली. तो सापडला नाही. पुढे पाणी ओसरलं, गावाची ये-जा खोळंबली, तेव्हा त्याच्या बायकोनं पदर खोचला आणि वल्हं हातात घेतलं. हाताला फोड आले, मग घट्टे पडले, मग तेही कळेनासं झालं.

तिला एक लेक होती, धुरपी. तेव्हा चार वर्षांची. तिनं विचारलं, "आबा कुठं गेले?"

आईच्या तोंडून निघून गेलं, "लांब गेलेत. तिकडच्या मोठ्या नदीवर होडी चालवायला."

तिला वाटलं, आत्ता लहान आहे, पुढं कधीतरी सांगू. हा 'पुढं कधीतरी' सगळ्या आयांच्या पंचांगात असतो. तो नेमका कोणत्या वारी येतो, ते मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

दोन वर्षं गेली. धुरपीनं पुन्हा विचारलं नाही. आईला वाटलं, विसरली. बरं झालं.

आता होडीबद्दल थोडं सांगायला हवं. होडीत बसायला तीन फळ्या होत्या. मागच्या दोन रुंद, पुढची आखूड, दोन माणसांपुरती. जितकं वजन डावीकडे तितकंच उजवीकडे, हा होडीचा हिशेब. एकटं माणूस असेल तर दुसऱ्या अंगाला एक धोंडा ठेवायचा. असे लहानमोठे तीन धोंडे होडीतच पडलेले असत. नावाडीण मागे उभी राहून वल्हवायची. होडी एक बोटभर जरी कलली, तरी तिच्या तळपायांना कळायचं.

आणि त्या होडीचा एक नियम होता. नावाडणीच्या सासऱ्यानं तिच्या नवऱ्याला सांगितलेला आणि नवऱ्यानं तिला. होडीत बसलेल्याला उठवायचं नाही. पाटील येवो नाहीतर पाटलाचा पाहुणा येवो, जो आधी बसला त्याची जागा. आणि चुकून उठवलंच, तर ज्यानं उठवलं त्यानंच जाऊन त्याला बोलवायचं, हात धरून बसवायचं आणि त्या खेपेला दुसरं कुणी न घेता त्याला एकट्याला मानानं पोचवायचं. नाहीतर तो माणूस त्या होडीत पुन्हा पाय ठेवत नाही, आणि नदीलाही ते आवडत नाही म्हणे.

घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून धुरपी दिवसभर होडीतच असायची. पुढच्या फळीवर डावीकडे. तोल राहावा म्हणून उजवीकडे आई छोटा धोंडा ठेवायची.

एके दिवशी आई तो धोंडा उचलून ठेवायला गेली, तर धुरपी म्हणाली, "तिथं नको ठेवू. डुल्याच्या पायावर पडेल."

"कोण डुल्या?"

"माझा सोबती."

"कुठून आला?"

"नदीकडून."

आईनं धोंडा हातातच धरला. "नदीकडून म्हणजे?"

"म्हणजे नदीकडून. आपण घराकडून आलो ना, तसा तो नदीकडून."

आईनं ठरवलं, वाद नको, दाखवूनच देऊ. धोंडा नाही ठेवला की होडी डावीकडे कलेल, मग म्हणता येईल, बघ बाई, तिथं कुणी असतं तर कलली असती का? तिनं धोंडा बाजूला टाकला आणि होडी लोटली.

होडी कलली नाही.

आईनं पाय जरा इकडे सरकवला, जरा तिकडे. होडी सरळ. पार पलीकडे पोचेपर्यंत सरळ. 'पोरगी वाळली असेल,' आई मनात म्हणाली, 'वजनच राहिलं नाही अंगात.' आणि त्या दिवशी तिनं धुरपीला भाकरीवर तूप दुप्पट वाढलं. धुरपीनं अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवली. कुणासाठी, ते आईनं विचारलं नाही.

मग डुल्या रोज यायला लागला. तो मुकाट बसायचा, पाण्यात थुंकायचा नाही, त्याला ताक आवडायचं नाही. धुरपी त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगायची. आई जवळ आली की गप्प व्हायची. आईला सगळ्यात जास्त टोचायचं ते हेच. पोर काहीतरी सांगतेय, आणि ते आपल्याला नाही सांगत.

होडीतल्या लोकांना चांगलीच करमणूक झाली.

"काय गं धुरपे, आज डुल्यानं आंघोळ केली का?"

"तो पाण्यातूनच येतो. त्याला काय करायची आंघोळ?"

"वहिनी, एक असताना दुसरं कशाला घेतलंत सांभाळायला?"

आई हसायची. वल्हं जरा जोरात मारायची. घरी गेल्यावर मात्र विचार करत बसायची. माझं काही चुकलं का? मी फार ओरडते का? मी फार गप्प असते का? दोन्ही खरं वाटायचं.

ती वैद्यबुवांकडे गेली. त्यांनी धुरपीची नाडी बघितली, जीभ बघितली आणि म्हणाले, "वात आहे." कडू काढा दिला. धुरपीनं तो प्यायला आणि डुल्यालाही घे म्हणून सांगितलं.

ती शाळेच्या पंतोजींकडे गेली. पंतोजी म्हणाले, "खोटं बोलायची सुरुवात अशीच होते. आज डुल्या बसला. उद्या पेरू कुणी तोडले, तर डुल्यानं."

ती शेजारणीकडे गेली. शेजारीण म्हणाली, "दृष्ट काढ बाई. आणि पोरीला एकटं सोडू नकोस."

"एकटी कुठं असते? दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असते."

"तेच तर," शेजारीण म्हणाली. म्हणजे काय, ते काही तिनं सांगितलं नाही.

आईनं काढाही पाजला, दटावूनही बघितलं आणि दृष्टही काढली. डुल्या जागचा हलला नाही.

असं चाललं होतं, आणि लग्नसराई आली.

पलीकडच्या गावचा नवरदेव होता, अलीकडच्या गावची नवरी. सकाळपासून वऱ्हाडाच्या खेपा सुरू होत्या. शेवटच्या खेपेला वरमाय आली. नवा शालू, नाकात नथ, हातात चांदीचं तबक. मागच्या दोन्ही फळ्या काकवा-आत्यांनी भरल्या होत्या. पुढच्या फळीवर डावीकडे धुरपी होती आणि उजवीकडची जागा दिसायला मोकळी होती.

"ही जागा कुणाची?" वरमायनं विचारलं.

"भरलीय," धुरपी म्हणाली.

"कशानं गं, वाऱ्यानं?"

वऱ्हाड खिदळलं.

"डुल्या बसलाय," धुरपी म्हणाली.

वरमाय नावाडणीकडे वळली. "अहो बाई, मी पोराच्या लग्नाला निघालेय, चेष्टा करून घ्यायला नाही. वरमायला चिखलात उभी ठेवणार का तुम्ही? हाच का तुमच्या गावचा मानपान? थांबा, विहिणीच्याच कानावर घालते."

"अगं, उठव की त्या डुल्याला," मागून एक आत्या म्हणाली, "म्हणावं, हळद लागलेलं घर आहे, अडवू नकोस."

पुन्हा हशा.

नावाडणीला उत्तर माहीत होतं. 'जागा भरलीय, पुढच्या खेपेला या,' एवढंच म्हणायचं होतं. पण मुहूर्त जवळ आला होता. सगळी होडी तिच्या तोंडाकडे बघत होती. आणि तिला एकदम वाटलं, आता मी 'भरलीय' म्हटलं, तर उद्या गावभर होईल की पोर तर पोर, आईही तशीच. तिचा चेहरा तापला.

"बसा बाई," ती म्हणाली. "तिथं कुणी नाही."

धुरपीनं आईकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं. मग ती काठाकडे बघायला लागली. कुणी होडीतून उतरून पाठमोरं चालत जात असावं, तशी तिची नजर हळूहळू लांब गेली आणि झाडीपाशी थांबली.

वरमाय बसली आणि होडी उजवीकडे झुकली. तोल साधायला आईनं मोठा धोंडा उचलून धुरपीच्या शेजारी ठेवला. तरीही होडी वाकडीच चालली. मधल्या धारेत एक लाट आली आणि वरमायच्या शालूचा काठ भिजवून गेली. वरमाय उतरेपर्यंत कुरकुरत होती. धुरपी बोलली नाही.

ती त्या दिवशी बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

आई म्हणाली, रुसलीय, येईल वळणावर. पण हे रुसणं नव्हतं. रुसलेलं मूल पाठ फिरवतं. धुरपी आईची पाठ सोडेना. आई विहिरीवर गेली की ही पदर धरून मागे. होडीत आता ती तोंड मागे करून बसायची, आईकडे. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरायची आणि या काठापासून त्या काठापर्यंत आईवरची नजर काढायची नाही. दुपारी झाडाखाली आईचा जरा डोळा लागला. जाग आली, तर धुरपी बसूनच होती, आईच्या लुगड्याचा बोळा मुठीत धरून. मूठ सोडवायला गेली, तर बोटं गार पडलेली.

"अगं, झोप की जरा," आई म्हणाली.

धुरपीनं मान हलवली.

भाकरी सांगितल्यावर अर्धी खायची. उरलेली अर्धी आता डुल्यासाठी बाजूला निघत नव्हती, ताटातच पडून राहायची. आईला वाटलं होतं, डुल्या गेला की आपल्याला हायसं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उलट भाकरीचा तो राहिलेला अर्धा तुकडा बघवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी आई टेकीला आली. "धुरपे, बोलव गं त्याला परत. मी नाही रागावणार."

धुरपी तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली. "मी कशी बोलवू? मी नाही उठवलं."

नियम आईनंच धुरपीला शिकवला होता.

आता आली का पंचाईत? नसलेल्या पोराला हाका मारत काठावर फिरायचं, तेही दिवसाउजेडी? तिनं स्वतःची समजूत घातली. अजून दोन दिवस बघू. मुलं विसरतात.

पण दुपारच्या खेपेला वल्हवताना तिचा पाय ओल्या फळीवरून थोडा घसरला. पडली नाही ती, सावरली लगेच. पण धुरपीच्या तोंडून आवाज निघाला. रडणं नव्हतं, ओरडणंही नव्हतं. उंच झाडावरून पिल्लू खाली पडताना करतं, तसा काहीतरी. पलीकडे पोचेपर्यंत पोर थरथरत होती.

पलीकडच्या काठावर एक म्हातारा कोळी जाळं विणत बसायचा. त्याला सगळे तात्या म्हणत. तात्या कमी बोलायचा, म्हणून आईला तो बरा वाटायचा. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. धुरपी पदर धरून मागे उभी.

"तात्या, तुम्ही सांगा. पोरीला कसलं वेड लागलंय का?"

"काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं. तात्याची बोटं चालूच होती.

"म्हणजे तू त्याला उठवलंस," तात्या म्हणाला.

"पण तो नव्हताच ना."

"नव्हता तर उठवलंस कुणाला?"

"मी उठवलं नाही. मी नुसतं म्हटलं, तिथं कुणी नाही."

"हां." तात्यानं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "जो नाही, त्याला तू नाहीस म्हणून सांगावं लागत नाही, पोरी. ते असलेल्यालाच सांगतात. मला सांगतात ना माझ्या सुना, येता-जाता."

"मग मी काय करू?"

"दुसरं कुणी असतं तर काय केलं असतंस?"

ती उठली. उत्तर तिला येतानाच माहीत होतं. माणूस कधी कधी दुसऱ्याकडे नुसती हिंमत उसनी मागायला जातो.

दुसरा दिवस बाजाराचा. बाजार अलीकडच्या गावात भरायचा, म्हणून सकाळी पलीकडच्या काठावर ही गर्दी. मेथीच्या जुड्या, कोंबड्यांच्या पाट्या, गाडग्या-मडक्यांच्या उतरंडी. नावाडीण आणि धुरपी रिकामी होडी घेऊन पलीकडे पोचल्या. लोक पाट्या डोक्यावर घेऊन पुढं झाले.

"थांबा," नावाडीण म्हणाली. "या खेपेला कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?" मेथीवाली म्हणाली. "रिकामी होडी परत नेणार होय? माझी मेथी कोमेजायला लागली बाई."

"रिकामी नाही. एकाला न्यायचंय. त्याला मी उठवलं होतं."

हे ऐकून लोक जरा मागे सरले. नियम सगळ्यांना माहीत होता. "बरं मग, बोलव त्याला," कोंबडीवाला म्हणाला. "कुठाय तो?"

नावाडणीनं घसा साफ केला. मग ती झाडीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "डुल्या."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कोंबडीवाला हसला, आणि त्याच्यामागून सगळा काठ हसला.

"अरे, हा तर धुरपीचा डुल्या."

"वहिनी, लेकीचं औषध तुम्हीच प्यालात वाटतं."

नावाडणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं धुरपीकडे बघितलं. धुरपी पुढच्या फळीवर डावीकडे बसली होती आणि हसणाऱ्या लोकांकडे बघत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, श्वास धरून.

आई होडीतून खाली उतरली. पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहिली आणि आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "डुल्या, ऐक. तू बसला होतास आणि मी म्हटलं तिथं कुणी नाही. मला लाज वाटली लोकांची, म्हणून म्हटलं. चुकलं माझं. मी न्यायला आलेय तुला. ये, बस."

हसणं एका दमात थांबलं नाही. आधी पुढचे थांबले, मग मागचे. जो दिसत नाही त्याला हाक मारणाऱ्या बाईला हसता येतं. पण चारचौघांत 'चुकलं माझं' म्हणणाऱ्या बाईला हसायला जरा जड जातं. ज्याला त्याला स्वतःचं काहीतरी आठवतं.

तिनं हात पुढं केला, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना चढवताना करायची तसा. आणि उभी राहिली. लहान मुलाला झाडीपासून इथवर यायला किती वेळ लागेल, याचा तिनं मनाशी अंदाज केला. मग त्यात थोडी भर घातली, कारण तो दुखावलेला होता. हात अवघडला. एक कोंबडी ओरडली. तिनं हात खाली घेतला नाही.

मग धुरपीनं परकर आवरून घेतला आणि गुडघे एका बाजूला केले, कुणाला तरी समोरून जायला वाट द्यावी तसे.

होडी किंचित दबली आणि सरळ झाली. लाट आली असेल. नसेलही.

आई होडीत चढली. धोंडा तिनं ठेवला नाही. मेथीवालीनं स्वतःहून पाटी खाली ठेवून होडीला हात लावला आणि लोटून दिलं. "सावकाश ने गं," ती पुटपुटली. "पोर घाबरलेलं असेल."

काठ मागे गेला. पाणी शांत होतं.

"आला?" आईनं विचारलं.

"हं."

"रागावलाय का माझ्यावर?"

धुरपीनं उजवीकडे कान केला. "तुझ्यावर नाही. त्या बाईवर रागावलाय. ती त्याच्या मांडीवर बसली."

आईला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तीन दिवसांनी पोर मोकळेपणी बोलत होती. मग तिनं ते विचारलं, जे वैद्यबुवांना, पंतोजींना, शेजारणीला, कुणालाच विचारलं नव्हतं.

"धुरपे, मी तुला पुरत नाही का गं? म्हणून तुला तो लागतो का?"

धुरपीनं आश्चर्यानं बघितलं. "तो माझ्यासाठी नाही बसत."

"मग?"

"तुझ्यासाठी बसतो. तू पाण्यात पडलीस तर. मला अजून पोहता येत नाही ना. त्याला येतं."

वल्हं पाण्यातच राहिलं.

"मी कशाला पडेन? मला सवय आहे."

"आबांना पण होती."

"आबा तर मोठ्या नदीवर..." आईनं सुरुवात केली.

"तू म्हणतेस, आबा मोठ्या नदीवर होडी चालवायला गेले," धुरपी शांतपणे म्हणाली. "पण आई, आबांची होडी तर हीच आहे."

दोन वर्षं ती या होडीत बसत होती. दोन वर्षं तिला ठाऊक होतं. आणि आई समजत होती, विसरली.

आईनं वल्हं आत घेतलं. फळी ओलांडून ती पुढं आली आणि लेकीसमोर होडीच्या तळाशी बसली. होडी आपली आपण हळूहळू वाहू लागली. दोन्ही काठांवरून लोक बघत होते. बघू देत.

"हो," ती म्हणाली. "आबा बुडाले. याच नदीत. मी तुला सांगायला हवं होतं. मला सांगता आलं नाही."

"का?"

"तू विचारलं असतंस ना, त्यांच्याजवळ कोण होतं. कुणीच नव्हतं गं. होडी रिकामी होती. एकटेच होते ते. मला रोज तेच दिसतं."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडल्यावर तिला कळलं, आपणही धुरपीसारखंच आतल्या आत कुणाशी तरी बोलत होतो. फक्त आपल्याकडे कुणी डुल्या नव्हता.

धुरपी उजवीकडे वळली. बराच वेळ ऐकत राहिली. ऐकताना तिनं दोनदा मान हलवली. मग आईच्या गालाला हात लावून तिनं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, तो म्हणतो, आबा एकटे नव्हते. तो होता त्यांच्याजवळ."

'मग त्यानं का नाही...' एवढं आईच्या मनात येऊन गेलं. तिनं ते तोंडातून काढलं नाही. तरी धुरपीला ते कळलं असावं.

"त्याला तेव्हा पोहता येत नव्हतं," धुरपी म्हणाली. "आता शिकलाय."

होडी वाहत होती. आईनं लेकीच्या मांडीत तोंड घातलं आणि ती दोन वर्षांचं रडली. धुरपी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. पोरीचा एक हात केसांवर होता आणि दुसरा फळीवर. आता तो हात फळी घट्ट धरून नव्हता, नुसता टेकलेला होता.

अलीकडच्या काठावरून पंतोजी ओरडत होते, "अहो, होडी वळवा, वळणाकडे चाललीय." पलीकडून मेथीवाली हात करत होती. आईनं डोळे पुसले. उठून वल्हं घ्यायचं होतं. पण त्याआधी तिनं उजवीकडच्या जागेकडे बघितलं. तिला तिथं काहीच दिसलं नाही. लाकडाची फळी, तिच्यावर ऊन. तिला खरंच कळत नव्हतं, तिथं कुणी आहे की लेकीनं आईची समजूत घातली. आणि दोन्हींतलं कोणतं जास्त मोठं, तेही कळत नव्हतं.

मग तिनं तेच विचारलं, जे कोणतीही आई कुणाच्याही पोराला विचारते.

"डुल्या, तीन दिवस झाले रे. काही खाल्लंस का?"

धुरपीनं त्याच्याकडे बघितलं. "नाही म्हणतो."

आईनं फडकं सोडलं. भाकऱ्या दोनच होत्या. तिनं त्यांचे तीन वाटे केले आणि तिन्ही वाट्यांवर सारखी चटणी घातली.

तात्पर्य, सांगायचंच झालं तर असं: मुलाचा सोबती खरा की खोटा, याचा निवाडा करायची घाई करू नये. तो कुणाची काळजी वाहतोय, हे आधी विचारावं, आणि विचारायच्या आधी त्याला बसायला जागा द्यावी.